न फिरलेली मूठ

"चाक फिरवताना डावीकडची ही बारकी मूठ फिरते का, ते बघत जा, बाई. नाही फिरली तर रोल धरलाच नाही समज. आकड्यांवर जाऊ नकोस, ते काय, उगाच पुढे सरकतात."

फोटोवाल्या काकांनी असं बजावलं तेव्हा तिने मान डोलावली, ती निव्वळ सभ्यपणा म्हणून. शिकलीसवरलेली बाई, लेकीचा ताप तासातासाला वहीत टिपणारी. तिला चाक फिरवायला शिकवणार होय?

कॅमेरा नवाच, पण जुन्या वळणाचा. साबणाच्या वडीएवढा, अंगावर खोटं चामडं, डोळा लावा आणि बटण दाबा. घेतला होता मावशीपायी. आईमागे तिला वाढवणारी ही मावशी लेकीला सांभाळायला तीन महिने येऊन राहिली होती. "फोनमधले फोटो फोनमध्येच मरतात गं. मला एक कागदावरचा दे," असं म्हणाली, म्हणून फोटोपुरता फोन मुद्दाम बाजूला ठेवला.

लेक पहिल्यांदा चालली ती कपड्यांच्या टोपलीपासून मावशीच्या गुडघ्यापर्यंत. चार पावलं. एकोणतिसावा फोटो. रोल छत्तीस फोटोंचा, पण छत्तीस झाले तरी चाक फिरतच राहिलं, तेव्हा नवरा म्हणाला, "व्वा, चार फुकट!" तीही हरखली.

मावशी परत गेली. काकांनी धुतलेली पट्टी उजेडासमोर धरली. काचेसारखी स्वच्छ.

"मूठ फिरत होती?"

"...नाही बघितलं."

"मग रोल जागचा हललाच नाही. चाळीस वेळा नुसतं टकटक केलंस."

काकांचं खरं ठरलं याचाच तिला जास्त राग आला. घरी येऊन तिने कॅमेरा सोफ्यावर आपटला.

"अगं, चालव की तिला परत," नवरा म्हणाला.

"पहिलं पाऊल परत टाकतं का कुणी? आता धावते ती, हाताला लागत नाही!"

रविवारी मावशीचा फोन. "धुतला का गं रोल? खिळा ठोकून ठेवलाय मी."

"दुकानात गर्दी आहे, मावशी."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या रविवारी फोन वाजला, तो तिने वाजू दिला. त्याच्या पुढच्या रविवारी वाजलाच नाही.

आज सोमवार. सकाळपासून तीच लावतेय. सात वेळा वाजून वाजून बंद झाला. लेकीच्या डॉक्टरांचे तीन-तीन नंबर तोंडपाठ, आणि मावशीच्या शेजाऱ्यांचा एकही नाही! कसली मेली ती काळजी, नेमकी नको तिथे राबणारी.

आता ती मावशीच्या गावच्या बसमध्ये आहे. मांडीवर चुळबुळणारी लेक, गळ्यात कॅमेरा, आत नवा रोल. तिने चाक फिरवलं, नजर डावीकडे. मूठ फिरली. गुमान फिरली. तेव्हा फिरायला काय झालं होतं?

अजून दीड तास आहे. तुम्ही त्या बाजूला राहत असाल, तर तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे: जरा जाऊन बघता का? दुसरा मजला, निळं दार. घंटा बिघडलेली आहे आणि मावशीला ऐकूही कमी येतं, तेव्हा दार चांगलं जोरात वाजवा. उघडलं तर म्हणावं, भाची निघालीय, लेकीला घेऊन. फोटोचं तुम्ही काही बोलू नका. ते तिचं तीच सांगेल.