कौतुकाच्या दिवसांत चढलेला गंज

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी मला मोबाइलवर पाहिले असेल. चकचकीत खल, त्यात लालभडक शेंगाचटणी आणि बत्त्याचा घुमणारा ठोका. तो लोखंडी खलबत्ता मीच. मात्र तुम्ही ज्या दिवसांत माझे कौतुक केले, त्या दिवसांइतका निरुपयोगी मी आयुष्यात कधीच नव्हतो.

माझा जन्म सोलापुरातल्या एका लहानशा फाउंड्रीत झाला. वाळूच्या साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी काळा आणि खडबडीत होतो. नवी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात भीमाबाईंनी मला पारखले. बत्ता माझ्या काठावर एकदाच टेकवून त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ह्यो टिकंल." त्यांच्या पतीचे यंत्रमागावरचे काम तेव्हा नुकतेच सुटले होते.

दुसऱ्याच दिवशी माझ्यात भाजलेले शेंगदाणे पडले. मग तिखट, लसूण, जिरे, मीठ. घाव बसत राहिले की दाणा आपले तेल सोडतो आणि चटणी त्या तेलाने ओलसर होते. भीमाबाई मूठभर चटणी घेत, मूठ आवळत आणि उघडत. मुटका तळहातावर तसाच राहिला तरच पाकीट भरायचे. विस्कटला तर पुन्हा कांडायचे. काम संपले की मला सुक्या फडक्याने पुसायचे, पाणी लावायचे नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे वर्षानुवर्षे तेल माझ्या अंगात मुरत गेले. नवी पेठेतच गुरप्पांचे किराणा दुकान आहे. तिथली एक फळी अठरा वर्षे भीमाबाईंच्या चटणीची होती. त्यांचा संसार आणि त्यांच्या मुलीचे, प्रतिक्षाचे, शिक्षण त्या फळीवर उभे राहिले.

प्रतिक्षा पदवीधर झाली आणि तिने एकदा सहज आईचे हात आणि माझा ठोका मोबाइलमध्ये टिपला. तो व्हिडिओ लोकांना फार आवडला. मग आणखी व्हिडिओ झाले आणि त्यांवरच्या जाहिरातींचे पैसे तिच्या खात्यात येऊ लागले.

"आई, चटणी न विकताच पैसे आले बघ!"

"आलं तर घे की," भीमाबाई हसून म्हणाल्या. "पर बत्ता खाली ठिवू नगं."

पुढे त्यांच्या बहिणीच्या, दगडाबाईंच्या, शस्त्रक्रियेमुळे भीमाबाईंना दीड महिना मोडनिंबला जाऊन राहावे लागले. "गुरप्पाची फळी रिकामी पडू दिऊ नगं," एवढेच सांगून त्या गेल्या.

मित्रांनो, प्रतिक्षा आळशी नव्हती, हे मी आधीच सांगतो. तिला फक्त माझा काळेपणा पडद्यावर बरा वाटेना. तिने मला लिंबाने आणि साबणाने घासले, नळाखाली धरले. अठरा वर्षांचे मुरलेले तेल तासाभरात वाहून गेले. मी चकाकलो. संध्याकाळपर्यंत तळाशी तांबूस ठिपके उठले. पुढच्या व्हिडिओआधी ते पुन्हा घासले गेले, पुन्हा उठले. माझ्यात मूठभर दाणे पडत, चार ठोके वाजत, मोबाइल बंद होई. गुरप्पांच्या फळीची आणि व्हिडिओ पाहून मागवणाऱ्यांची एवढी पाकिटे एकटीने कांडून होणार नाहीत, असे तिने ठरवून टाकले होते. विकायची चटणी पलीकडे मिक्सरमध्ये होऊ लागली. मिक्सरवर माझा राग नाही. तो बिचारा जे जाणतो ते करत होता. पण पाकिटावर चित्र माझे होते आणि खाली 'खलबत्त्यात कांडलेली' असे छापले होते. त्या शब्दांची मला लाज वाटे.

एका गुरुवारी दुपारी गुरप्पा पिशवी घेऊन घरी आले.

"गुरप्पामामा, व्हिडिओ बघितला का? दोन लाख लोकांनी पाहिलाय!"

"बघितला की. लई भारी वाजतंय." त्यांनी पिशवीतून परत आलेले पाकीट काढून फोडले, मूठ आवळली आणि उघडली. चटणी वाळूसारखी बोटांतून गळाली. "सिद्धम्मा म्हणून एक म्हातारी गिऱ्हाईक हाय आमची. तोंडात दात न्हाईत, तरी भाकरीसंगं हीच लागती तिला. काल चार माणसांत म्हणाली, गुरप्पा, तू बी आता भुसा विकायलास की रं!"

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. "पण मामा, ऑनलाइन पैसे तर चांगले येतायत..."

"येऊ देत की. बघणारा आज बघतोय, उद्या दुसरं कायतर बघंल, तुला सांगून जाणार न्हाय. खाणारा माझ्या दारात येऊन भांडतोय. त्याच्या भांडणावरच माझं दुकान हाय." उठताना ते म्हणाले, "सोमवारपतुर फळी रिकामी ठिवतो. मंगळवारी दुसऱ्याचा माल लावणार. तुझ्या आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ."

ते गेल्यावर प्रतिक्षाने माझ्यात हात घातला. बोटे गंजाने तांबडी झाली. मग तिने आईला फोन लावला आणि काहीही न लपवता सारे सांगितले.

पलीकडून भीमाबाईंनी विचारले, "खडं मीठ हाय का घरात?"

"आहे."

"त्यानं घास. मग दाणं कांड आन् टाकून दे. दाणं काळं यायचं थांबल्याबिगर चटणी करू नगं."

"आई, तू रागावली नाहीस?"

"रागावू की, घरी आल्यावर. आधी मीठ घे."

तिचे तळहात सोलवटले, तरी ती तीन दिवस कांडत राहिली. मी हळूहळू पुन्हा काळा झालो. त्याच अवस्थेत तिने मला मोबाइलसमोर ठेवले आणि सांगितले की, गेल्या महिन्याभरातली चटणी मिक्सरची होती. ज्यांनी घेतली त्यांना नवे पाकीट पाठवू. तो व्हिडिओ फारसा कुणी पाहिला नाही. मात्र घेणाऱ्यांचे फोन आले. टेंभुर्णीचे एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "ठोका ऐकून घेतली होती. आता चव बघू."

सोमवारी गुरप्पा आले. त्यांनी नव्या चटणीची मूठ आवळली, उघडली. मुटका तळहातावर राहिला, त्यावर चारही बोटांचे ठसे उमटले होते. अर्धा त्यांनी स्वतः खाल्ला, अर्धा प्रतिक्षाला दिला. "माझ्या म्हणण्याला किंमत न्हाय," ते म्हणाले. "सिद्धम्मा काय म्हणती बघू."

मित्रांनो, मोबाइलवरची कमाई खोटी नसते. तिने दूरचा माणूस आमच्या दारापर्यंत आणला, हे मी विसरत नाही. पण दाराशी आलेल्याच्या हातात काय ठेवायचे, हे मोबाइल ठरवत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला घासून चकचकीत करू नका. सुक्या फडक्याने पुसा आणि रोज कामाला लावा.

मंगळवारी दुपारी गुरप्पांचा फोन आला. म्हातारी काहीच बोलली नव्हती. फक्त एक पाकीट जास्त घेऊन गेली होती.