जावयाने आणलेलं औषध

संघप्रियाने कॅप्सूल दोन बोटांत धरून उघडली आणि आतली पिवळट भुकटी ताटलीत ओतली. मग ती ताटली तिने अश्वजितसमोर ठेवली. धाकट्या बहिणीचा नवरा चंद्रपूरहून जेवायला आलेला असताना त्याच्यापुढे अशी ताटली ठेवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"काय आहे हे?"

"लेबलवर लिवलं आहे ना, ताई. लसूण, हळद, अद्रक, अजून काही झाडपाला. रक्त पातळ ठेवते, गुठळी होऊ देत नाई. पूरं नॅचरल."

"नॅचरल तर कुचल्याचं विषही आहे. बाबांना विचार, फॉरेस्ट गार्ड होते ते. जंगलातून पोतंभर बिया आणून देतील. त्याही भर बाटलीत."

अश्वजित कसनुसा हसला. खुशालराव बाजेवर बसले होते. थंडी ओसरून ऊन अंगणात उतरलं होतं, तरी त्यांनी लांब बाह्यांचा स्वेटर काढला नव्हता. त्यांनी जावयाकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि खाकरले.

संघप्रिया गडचिरोलीला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. कुरखेड्याच्या या घरात ती एरवी घरच्यासारखंच बोले. संतापली की मात्र तिची भाषा पुस्तकी होई, आणि तेवढ्यावरून घरातली माणसं ओळखत. आज सकाळी साखर शोधताना फडताळात तिला ही बाटली सापडली होती. तळाशी जेमतेम चार-दोन कॅप्सुला उरल्या होत्या.

"ही ज्यांनी घेतली आणि ज्यांनी घेतली नाही, अशी माणसं शेजारी ठेवून कुणी कधी तपासलं आहे का?"

"आमच्या कंपनीच्या सेमिनारमध्ये एक काका उभे राहून सांगत होते ना. त्याइच्या छातीचे ठोके बाबासारखेच वाकडेतिकडे. तीन वर्सं झाली, काहीच नाई झालं त्याइले."

"आणि ज्यांना झालं, ते काका उभे राहू शकले नसतील."

स्वयंपाकघराच्या दारात पिंकी ओले हात पदराला पुसत उभी होती. "जेवू तं दे त्याइले, ताई. मंग घे परीक्षा."

"परीक्षा बाबांची चालली आहे," संघप्रिया म्हणाली. "पत्रूकाकांना विसरलीस? त्यांचेही ठोके असेच होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळलं, त्याची गुठळी झाली, ती मेंदूत गेली. पाच वर्षं काका या बाजेवर पडून होते. काकू चमच्याने पेज भरवायची आणि ती अर्धी उशीवर सांडायची. ते होऊ नये म्हणून बाबांना गोळी दिली आहे. आणि तुझा नवरा ती बंद करून त्यांना हे पीठ चारतो आहे."

"मी गोळी बंद करा म्हनलंच नाई," अश्वजित म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "तुमच्या गडचिरोलीच्या डॉक्टरनं गोळीसंगं सतराशे साठ पथ्यं सांगतली. पालेभाजी कमी-जास्त नको, दर महिन्याले रक्त काढा. बाबा कटाळले होते. म्या म्हनलं, सोबत हे घ्या. साइड इफेक्ट नाई याचा."

"ज्याला साइड इफेक्ट नसतो त्याला इफेक्टही नसतो. पीठ आहे हे, अश्वजित. यात काही नाही."

तिने बाटली उपडी केली. उरलेल्या कॅप्सुला अंगणात घरंगळल्या. एक कोंबडी धावत आली, चोच मारून पाहिली आणि निघून गेली. तेवढ्यानेही संघप्रियाचा राग उतरला नाही.

"बाबा, गोळ्यांची पट्टी दाखवा. कधीपासून बंद आहे?"

खुशालराव सावकाश उठले. घरात जाऊन पट्टी घेऊन आले आणि त्यांनी ती तिच्या हातात ठेवली. संघप्रियाने पट्टी उलटसुलट केली. मागे वारांची नावं छापलेली होती. कालच्या वारापर्यंतचे सगळे खड्डे फुटलेले होते, आजपासूनचे भरलेले.

"गोळी कायले बंद करू?" ते म्हणाले. "राती जेवलो का घेतो. तू सांगतलं तसं."

"आणि ही?"

"हे सकारी घेतो. जवायानं हातानं आनून देल्लं, त्याइले नाई कसं म्हनाव? दीक्षाभूमीवरून आलो तवा तुले फोन केला होता ना, खाऊ का म्हनून. तू कॉलेजात होती, घाईत होती. तू म्हनली, पीठ हाय बाबा, त्यात काही नाही, खाल्लं काय न नाई खाल्लं काय. मंग म्या म्हनलं, पीठच हाय तं खाऊ. पोरीचंबी ऐकनं होते, जवायाचंबी मन राह्यते."

पट्टी परत घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. स्वेटरची बाही कोपराकडे सरकली. मनगटापासून वर, पिकल्या जांभळासारखा काळानिळा डाग पसरला होता.

संघप्रियाने त्यांचा हात धरला. "हे कशाने?"

"काहीच नाई. सरपनाची मोळी लागली असन."

"दुसरा हात."

दुसऱ्या हातावर दोन डाग होते. एक जुना, पिवळा पडत आलेला.

"दात घासताना रक्त येतं?"

"दातवन कडक रायते," खुशालराव म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "येते थोडंसंक."

मागच्या महिन्याची रक्ततपासणी धानाच्या मळणीत राहून गेली होती. लसूण, हळद, अद्रक: तिने डोळे मिटले, आणि सकाळीच वाचलेलं लेबल तिला आता दुसऱ्यांदा, शब्दन् शब्द वाचता आलं. गोळीचं रक्त पातळ करण्याचं काम वाढवणारी सगळी नावं तिथे ओळीने छापलेली होती.

"गाडी काढ, अश्वजित," ती म्हणाली. "बाटली सोबत घे."

"जेवून तं—" पिंकी म्हणाली.

"आत्ता."

आरमोरीपर्यंत रस्ता खड्ड्यांचा होता. अश्वजित खड्डा दिसला की गाडी इतकी हळू करी, की मागे बसलेले खुशालराव शेवटी म्हणाले, "जवाई, काच नाई भरली गाडीत."

गडचिरोलीच्या दवाखान्यात तपासणीचा कागद आला तेव्हा तरुण डॉक्टरबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा तीनच्या आत हवा होता. तो सातच्या पुढे गेला होता. आजची गोळी बंद, त्यांनी सांगितलं, आणि मुक्काम इथेच. डोक्यात रक्ताचा एक थेंब सुटला असता तर इथवर आणण्याचीही गरज उरली नसती.

"गोळीशिवाय आणखी काही घेत होते?"

अश्वजितने बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनी ती प्रकाशात धरून वाचली. त्यांच्या कपाळावर आठी चढली, आणि वर पाहिलं तेव्हा त्यांचा आवाज पार बदललेला होता.

"अशा माणसांवर गुन्हे दाखल व्हायला हवेत. कुणी सांगितलं यांना, की हे गोळीसोबत घेतलं तर चालतं?"

अश्वजितचे ओठ हलले. खुशालरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

"मी," संघप्रिया म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "काय करता तुम्ही?"

"रसायनशास्त्र शिकवते."