एक मजला जास्त

बापाने मुलीच्या केसांतली पिन उपसली, तिच्या टोकाचं प्लास्टिक दातांनी काढून थुंकलं आणि कुलपासमोर उकिडवा बसला.

"बाबा, किल्ली दिलीय लॉजवाल्यांनी. नीट फिरवली की उघडेल."

"दहा मिनिटं फिरवतेयस. ताक घुसळतेयस का?"

चाळीस वर्षं बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या घासलेला माणूस तो. विमानतळावर त्याची पक्कड काढून घेतली, तेव्हापासून तो कुणाशी धड बोलला नव्हता. आता परक्या देशातलं कुलूप अर्ध्या मिनिटात खट् झालं आणि त्याचा चेहरा उजळला.

"बघ ठमे. कुलपं सगळीकडची सारखीच."

ठमी, म्हणजे त्याची एकतीस वर्षांची मुलगी, हसली नाही. आठ दिवसांची सहल म्हणून तिने त्याला आणलं होतं. पर्समध्ये परतीचं तिकीट मात्र एकच होतं, त्याचं. लॉज म्हणून सांगितलेली ही खोली तिने वर्षभरासाठी घेतली होती, आणि सोमवारपासून ती इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला लागणार होती. हे विमानात सांगायचं होतं, तर तो झोपला. मग टॅक्सीत, तर त्याला मळमळायला लागलं.

बाप आत शिरून सगळं तपासू लागला. दाराशी चपला होत्या, त्या त्याने घातल्या. टाचा बाहेर राहिल्या, पण चालण्यासारखं होतं. खुर्चीवर अर्धवट विणलेला मोजा. फ्रिजमध्ये अर्धं लिंबू. टेबलावर चष्मा.

"लॉजवाल्यांनी सोय झकास केलीय गं. चष्मासुद्धा ठेवलाय." त्याने तो लावून पाहिला. "नंबरही जुळतोय."

"बाबा, फोटोत हे काही नव्हतं."

"फोटोत कशाला दाखवतील? चोरीला जाईल."

तेवढ्यात दारात एक आजीबाई उभ्या राहिल्या, हातात भाजीची पिशवी. त्यांच्या चपला, त्यांचा चष्मा आणि त्या दोन्हींच्या मधला अनोळखी माणूस त्यांनी एकदा वरून खाली पाहिला.

"झाडायला आल्या वाटतं," बाप म्हणाला. "उद्या या म्हणावं."

आजी ओरडल्या नाहीत. त्यांनी उघड्या दाराच्या कुलपात आपली किल्ली घातली, दोनतीनदा फिरवली, आणि पुढे होऊन बापाचा हात जोरात हलवला. मग काहीतरी भराभर बोलल्या. मुलीने घाईघाईने भाषांतराचा फोन पुढे धरला. तो मराठी बोलायचा, पण सरकारी कागदासारखं.

"कुलूप दुरुस्त करणारे महोदय," फोन म्हणाला, "आपली तीन दिवसांपासून प्रतीक्षा होती."

मुलीने कपाळावर हात मारला. "बाबा, इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. आपण एक मजला जास्त चढलो. आपली खोली खाली आहे."

"मग हे कुणाचं?"

"यांचं."

त्याने चष्मा घडी घालून ठेवला, चपला जोडीने दाराशी लावल्या. वाटलं, आता काढता पाय घेईल. पण त्याने वाकून कुलपात पाहिलं, म्हणाला, "स्प्रिंग ढिली आहे हो," आणि हाताने पिळल्यासारखं करून स्क्रूड्रायव्हर मागितला. आजींनी तो दिला आणि चहा ठेवला.

काम चालू असताना त्यांनी काहीतरी विचारलं.

"पुन्हा बिघाड झाल्यास आपण उपलब्ध असाल काय?"

"रविवारपर्यंत आहोत म्हणावं. मग आम्ही दोघं चाललो घरी."

मुलगी फोन तोंडाजवळ नेऊन थांबली. मग बोलायचं सोडून तिने टाइप केलं: ते रविवारी जातील. मी खालच्या खोलीत वर्षभर आहे. फोनचा पडदा बापाच्या नजरेआड, नुसता आजींपुढे धरला. आजींनी चष्मा लावून वाचलं, त्या खुलल्या आणि फोनच्या अगदी जवळ येऊन बोलल्या.

फोनने खणखणीत आवाजात सांगितलं, "आनंद वाटला. पिताश्री गेल्यानंतर कन्येकडे मी लक्ष ठेवीन. एक वर्ष हा काळ लवकर सरतो."

स्क्रूड्रायव्हर थांबला.

"कोण गेल्यानंतर?" बापाने फोनलाच विचारलं.



"बाबा, नोकरी लागलीय मला इथे. मी सांगणारच होते."

"कधी?"

"विमानात."

"मग?"

"तुम्ही झोपलात."

"उठवायचं की."

त्याने एक स्क्रू काढला, परत बसवला, आवळला, पुन्हा काढला. स्प्रिंगचं काम केव्हाच झालं होतं. चहावर साय धरली.

"खोलीच्या किल्ल्या किती दिल्यात तुला?"

"दोन."

"एक यांना दे."

दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बजावायचा, दुसरी किल्ली सख्ख्या भावालाही देऊ नका.

"बाबा, ओळख ना पाळख..."

"दे म्हणतोय ना."

आजींनी किल्ली घेतली आणि सरळ जाऊन आपल्याच दाराला लावली. फिरेना. त्यांनी जोर केला, मग बापाकडे असं पाहिलं, की एवढा वेळ बसून हेच केलंस का बाबा.

"ही किल्ली सदोष आहे," फोन म्हणाला.

बापाने फोनवर तळवा ठेवला. जमिनीकडे बोट दाखवलं, मग मुलीकडे. आजी गोंधळल्या. त्याने पुन्हा जमीन दाखवली, मुलगी दाखवली, मग बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. पुढची खूण काय करायची ते त्याला सुचेना. हात तिथेच राहिला.

"फोनवर सांगू का?" मुलीने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तो सगळं सांगून टाकतो."