कावीळ उतरवणारं पाणी

रविवारी पालेगावात हरिचंद्र महाराजांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. महाराज कावीळ उतरवत. आधी रोग्याच्या हातांना ‘संजीवनी मुळी’चा रस चोळायचा, मग परातीतल्या मंतरलेल्या पाण्यात हात धुवायचे. बघता बघता पाणी पिवळंधमक होई. रक्तातलं विष आहे हे, महाराज सांगत. डॉक्टरांच्या मशीनला दिसतं का कधी? लोक हात जोडत.

विठा त्याच गावची, अंबरनाथच्या एका खासगी इस्पितळात सफाईला होती. कचऱ्याच्या पिशवीतली वापरलेली सुई तिच्या बोटात घुसली. नेमकं त्याच आठवड्यात तिथे सगळ्या कर्मचाऱ्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी आणि लसीकरण होतं. विठाने सुईचं कोणालाच सांगितलं नाही. रक्तात काही निघालं तर ठेकेदार कामावरून काढेल, या धास्तीने तपासणी चुकवून ती महाराजांकडे गेली. पाणी पिवळं झालं. कावीळ धुऊन निघाली, आता लस टोचलीस तर परत चढेल, असं त्यांनी बजावलं. विठाने लस घेतली नाही, आणि तिचं ऐकून इस्पितळातल्या निम्म्या सफाईवाल्या मावश्यांनीही टाळली.

काही महिन्यांनी विठाचे डोळे पिवळे झाले. ती पुन्हा महाराजांच्या अंगणात पोचली, आणि तिला न्यायला इस्पितळात लसीकरण करणाऱ्या डॉक्टर मैत्रेयीही.

"आधी माझे हात धुवा," त्या महाराजांना म्हणाल्या. "मला कावीळ नाही. रस तेवढा चोळा."

महाराज टाळाटाळ करू लागले, तसे लोकच मागे लागले. पाणी पिवळं झालं. मग मैत्रेयींनी परातीत महाराजांचंच मंतरलेलं पाणी नव्याने ओतून, रस न लावता विठाचे हात त्यात धुतले. पाणी नितळच राहिलं.

"ही मुळी म्हणजे आंब्याची अंतरसाल आणि हे पाणी म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आली की पिवळंच होणार. हात कुणाचेही असोत."

महाराजांनी आत जाऊन कडी लावली. लोक एकमेकांकडे न बघता पांगले. विठा मात्र परातीपाशीच उभी होती.

"मॅडम, माझं पाणी पिवळं नाय झालं," ती म्हणाली. "म्हंजे मी बरी झाली ना?"

मैत्रेयींनी तिला इस्पितळात न्यायला रिक्षात बसवलं.

विठा वाचली नाही. सुई लागली तेव्हाच तिने सांगितलं असतं, तर लस आणि तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देऊन बहुधा हा आजार टळला असता. हात धुऊन रक्तातला रोग जात नाही. सुई लागली तर लगेच सांगा, रक्त तपासून घ्या, लस घ्या. आणि जो सांगेल त्याची नोकरी राहू द्या, नाहीतर माणसं महाराजच शोधत राहतील.