उसनी खुर्ची

हेमाने खुर्ची तिरकी करून जिन्याच्या वळणातून वर ओढली, तेव्हा खालून रंगराव घड्याळवाले ओरडले, "बारापर्यंत परत आणा हं. गिऱ्हाइकासमोर काय उभ्याने घड्याळं उघडू?"

त्यांची फिरती खुर्ची तासाभरासाठी उसनी आणायची, ही अक्कल हेमाचीच. विमा कंपनीचं दावे तपासायचं काम ती दोन वर्षं कसबा पेठेतल्या या दोन खोल्यांतून करत होती. पलंगाच्या कडेवर बसून, लॅपटॉप पिठाच्या डब्यावर ठेवून. आता पत्रक निघालं होतं, की घरून काम करणाऱ्यांची बसायची जागा व्हिडिओवर तपासली जाईल. जागा धड नसेल त्याला ऑफिसात बोलावणार, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सगळ्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. पत्रक शेवटपर्यंत वाचायची तसदी कुणी घेतली नाही. आतल्या खोलीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले तिचे सासरे, अण्णा, होते. खराडीच्या ऑफिसात जायचं तर नोकरीच सोडावी लागली असती, आणि ती तिला मुळीच सोडायची नव्हती.

अकराला तिचे साहेब, केयूर, पडद्यावर आले. वयाने तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण प्रश्न विचारताना परीक्षकासारखे कोरडे.

"खुर्ची?"

"आहे सर."

"पाठीचा काही त्रास?"

"छे, छे."

"जरा बसून दाखवता?"

हेमाने आधी दोन्ही हात टेकवले, मग सावकाश बसली.

"पाय लोंबकळतायत तुमचे. सीट खाली घ्या."

तिने डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, खाली वाकून पाहिलं. सीट कशाने खाली होते, देव जाणे.

केयूरचं टाइप करणं थांबलं.

"खुर्ची कुणाची आहे, हेमा मॅडम?"

तिला खोटं सुचेचना. "खालच्या घड्याळवाल्यांची," ती म्हणाली. "सर, मला ऑफिसला यायला खरंच नाही जमणार."

"या म्हणतंय कोण? दुसरं पान वाचलंत? खुर्ची नसेल तर कंपनीने घरी पाठवायची आहे. आत्तापर्यंत अकरा जण झाले, अकराही जणांकडे राजेशाही थाट. मी 'नाही' लिहू तरी कुणाच्या नावापुढे?"

हेमा खुर्चीतून उठली.

"माझ्या लिहा."

त्यांनी लिहिलं. मग पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "आणि पाठ कधीपासून दुखतेय? बसताना पाहिलं मी."

"आठ महिने झाले."

"कसले गं आठ महिने?" आतून अण्णांचा जड, ओढलेला आवाज आला.

दिवसातून चार वेळा ती त्यांना उचलून बसवायची, आणि कण्हायचं ते स्वयंपाकघरात जाऊन. 'काही नाही' हे शब्द सवयीने ओठांवर आलेच होते.

"माझी पाठ दुखते, अण्णा," ती म्हणाली.