काट्याची गोळी

घणसोली गावच्या मासळी बाजारात एक वेळ तराजू नसला तरी चालायचं, पण मासे विकणाऱ्या गंगूचा डबा लागायचाच. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत रंगीबेरंगी कॅप्सूल. कोणाच्या बोटात शिंगाळा माशाचा काटा घुसला की गंगू झाकण उघडायची. एक कॅप्सूल फोडून पावडर जखमेवर, एक तोंडात, वर कटिंग चहा. दुसऱ्या दिवशी ठणका उतरला की गोळी बंद, उरलेल्या परत डब्यात. बायका ह्या कॅप्सूलला काट्याची गोळी म्हणायच्या. अँटिबायोटिक कुठली, कशावरची, हे वीस वर्षांत कोणी विचारलं नाही. नाक्यावरचा मेडिकलवाला तरी कुठे चिठ्ठी मागायचा?

"डाक्टरीन हाय मी," गंगू गिऱ्हाइकाला डोळा मारून सांगायची, "फकत कॉलेजवाल्यांना अजून म्हाईत नाय."

आणि एका बुधवारी, भर गर्दीत, काटा घुसला तो डाक्टरणीच्याच बोटात. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट. मासा कापताना कोयतीच्या पाठीवर दाबायचं ते हेच बोट.

गंगूनं पावडर भरली, गोळी गिळली. ठणका उतरला नाही. मग लाल गोळी झाली, मग पिवळी झाली, मग शेजारी बसणाऱ्या चांगुनाच्या सासऱ्याची राहिलेली मोठी पांढरी झाली. दहाव्या दिवशी बोट वांग्यासारखं फुगलं, तेव्हा भाऊ जयदेवनं तिला रिक्षात कोंबून हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी आणि जवळपास प्रत्येकापुढे एकच इंग्रजी अक्षर, आर.

"आर म्हंजे?" गंगूनं विचारलं.

"म्हणजे हे औषध तुमच्या जंतूला आता मारत नाही. आजी, अर्धवट गोळ्या घेऊन घेऊन तुम्ही त्याला सगळ्या औषधांची ओळख करून दिलीत. आता दोनच इंजेक्शनं उरलीत. ती देतो, पण हाड सडायला लागलंय. बोटाचं काही सांगता येत नाही."

गंगूनं रिपोर्टाची घडी घातली आणि उशाखाली ठेवली.

जयदेवची पोरगी रुतिका महापेच्या एका लॅबमध्ये संशोधन करायची. तिच्या लॅबनं हॉस्पिटलकडे नमुना मागितला, गंगूनं फॉर्मवर सही केली आणि तिचा जंतू महापेला गेला. चार दिवसांनी रुतिका मोबाइल नाचवतच वॉर्डात आली.

"आते, हे बघ! ही लॅबमधली बशी. हा दुधासारखा पांढरा थर म्हणजे तुझा जंतू. आणि हा मधला गोल बघ, एकदम साफ!"

"कोनी पुसला?"

"आमच्या एन्झाइमनं! जंतूंना पण मारणारे व्हायरस असतात, फाज म्हणतात त्यांना. ते जंतूच्या पोटात वाढतात आणि बाहेर पडायला त्याची भिंत आतून कापतात. ज्यानं कापतात ना, ते आम्ही वेगळं काढलंय. बाहेरून थेंब टाकला तरी भिंत फुटते."

"म्हंजे जंतूची कोयती."

"हां, कोयतीच!" रुतिका हसली.

जयदेवचे डोळे मात्र चमकले. त्यानं दाराकडे बघत आवाज खाली आणला. "मंग आन ना एक बाटली. डब्यात घालून आन, कोनाला काय कलतंय? बोटाला चोळू."

"पप्पा, ते बशीत चालतंय. माणसाच्या अंगात किती द्यायचं, काय त्रास होईल, ह्या जखमेवर चालेल का, काहीच तपासलेलं नाही. परवानगी नाही." आतेच्या बोटाकडे बघत ती हळूच म्हणाली, "पण आते, तू बोललीस तर… आणते मी."

गंगूनं सुजलेला हात वर धरून बघितला. ह्याच बोटानं तिनं पोरं वाढवली होती. आणि औषध तिकडे महापेला बशीत पडलं होतं.

"नाय," ती म्हणाली.

"बाय, येडी झाली का? बोट जाईल!" जयदेव ओरडला.

"जाऊं दे! वीस वरसं कोनाला न इचारता गोल्या गिलल्या, म्हनून हितं झोपलेय ना मी? आता ही नवीन कोयती पन चोरून चोळू? उद्या ती बी बोथट करून ठेवू? आनी पोरीची नोकरी घालवू? रुतिका, तुज्या सायबाला सांग, माजा जंतू ठेवा, पायजे तेवढा वापरा. पन औषध नीट तपासून, सरल दारातून आना. कोनाच्या तरी बोटाला होईल."

इंजेक्शनांनी गंगू वाचली. बोटाची दोन पेरं मात्र गेली.

दीड महिन्यानं ती बाजारात परत बसली, कोयती डाव्या हातात. डबा नेहमीच्या जागी. तासाभरातच चांगुना बोट चोखत आली. "गंगू, काटा! दोन गोल्या दे, उतरल."

गंगूनं डबा पुढे सरकवला. चांगुनानं झाकण उघडलं. आत सुका जवळा, त्यावर घडी घातलेला रिपोर्ट.

"आगं, गोल्या कुठं?"

"संपलं दुकान!" गंगूनं अर्धं बोट तिच्या नाकासमोर नाचवलं. "ही बघ तुजी काट्याची गोली. चल नलाखाली, साबन लाव. मंग डाक्टरीन बायकडं. खरी डाक्टरीन. ती देल तर घे, आनी देल तेवढी सगली घे. मधीच थांबलीस तर हा जवला नाकात कोंबीन."

सगळा बाजार खदखदला. पापलेट घ्यायला आलेल्या टॉवरमधल्या अरुणा मॅडमही हसल्या. "बरं केलंत हो. गावात ना, ह्या लोकांना काही कळतच नाही."

गंगूनं मान वळवली.

"मॅडम, तुमच्या पोराला मागं ताप आला व्हता ना? तुमीच बोलल्या, दोन दिसात बरा झाला. डाक्टरनं पाच दिसांच्या दिल्या व्हत्या. उरलेल्या टाकल्या का फ्रिजच्या दारात हायत?"

अरुणा मॅडमचं हसू तिथंच राहिलं. त्या पापलेटकडे बघायला लागल्या.

गंगूनं फळीवर पापलेट घेतलं, अर्ध्या बोटानं दाबून धरलं.

"तुकड्या करू का मॅडम? आता जरा येळ लागतो."