खड्डा कोणाचा

दिवाळीच्या सुट्टीत रागिणी बोंडे धामणगावला मावसबहिणीकडे गेली होती. गावात आलोच आहोत तर बंडूला भेटून यावं, म्हणून त्याच्या घरी गेली. बंडू तिचा विद्यार्थी. अमरावतीच्या ज्या निवासी अंधविद्यालयात ती शिकवायची, तिथून तो बारावी होऊन बाहेर पडला होता. ब्रेलवरून त्याची बोटं अशी पळायची की शाळेत पाहुणे आले की त्यालाच पुढं करायचे.

बंडू ओसरीत बाजेवर बसला होता. आईनं वरणभात कालवून ताट त्याच्या मांडीवर ठेवलं.

"शाळा सुटली तवापासून इथंच बसते थो, मॅडम," आई म्हणाली. "जाईन तरी कुठी? पडन-बिडन कुठी."

"मॅडम, नवीन पुस्तकं आली का शाळेत?" बंडूनं विचारलं.

 परतीच्या गाडीत रागिणीचं डोकं नुसतं भणभणत होतं. राग बंडूच्या आईचा नव्हता. तो शाळेचा होता, आणि त्या शाळेत ती स्वतःच इतकी वर्षं पगार घेत होती.

शाळेत मुलं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं जेवायला जायची, रांगेनंच झोपायला. चाकूला हात लावायचा नाही, गॅसजवळ जायचं नाही, फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. पांढऱ्या काठ्या कार्यालयाच्या कपाटात होत्या, वरचं प्लास्टिकही न काढलेल्या. देणगीदार आले की फोटोपुरत्या निघायच्या आणि परत आत जायच्या.

सुट्टी संपल्याबरोबर ती मुख्याध्यापक शेषराव राऊतांसमोर उभी राहिली.

"सर, बारावीच्या मुलांना मी बाहेर नेते. रस्ता, बस, बँक, स्वयंपाक, सगळं शिकवते. परीक्षा झाली की ही पोरं जाणार कुठं?"

"घरी जातीन. मायबाप आहेत न त्यांचे."

"आणि मायबाप गेल्यावर?"

राऊत सरांनी चहाचा कप बशीत ठेवला. "मॅडम, उद्या एखाद्याले गाडीनं उडवलं तर संस्थेचं नाव पेपरात येईन. आपन आजवर एक लेकरू पडू देलं नाही."

"उभंच राहू दिलं नाही, सर. पडेल कसं?"

परवानगी मिळाली नाही. मग रागिणीनं भातकुलीजवळच्या एका खेड्यात देवमन वानखडेंना फोन लावला. त्यांची मुलगी गीतांजली याच शाळेत बारावीला होती. तिला अकोल्याच्या कॉलेजात बी.ए. करायचं होतं, पुढं शिक्षिका व्हायचं होतं. रविवारी तुमच्या मुलीला बाहेर नेऊ का, चालायला शिकवू का, असं रागिणीनं विचारलं.

"तुमी सोबत हाव न? मंग काई फिकीर नाही," देवमन म्हणाले आणि रविवारी मुलीला बाहेर सोडायची चिठ्ठी त्यांनी शाळेला पाठवली.

रागिणी सोबत असायची, पण हात धरायची नाही. सुरुवातीला गीतांजली दर दोन पावलांना थबकायची, हवेत हात पसरून मॅडमना शोधायची. रागिणी मागून फक्त बोलायची. हळूहळू काठी पुढं फिरू लागली. ऑटो वळतो कसा आणि सरळ जातो कसा, हे तिला आवाजावरून कळू लागलं. फळांच्या गाड्या संपल्या की रस्ता ओलांडायचा, हे वासावरून. एका रविवारी तिनं एकटीनं संत्री घेतली, दुकानदारानं एक सडकं दिलं, तर तिनं ते हातानं ओळखून परत केलं आणि वर दोन शब्द सुनावले. रागिणी लांब उभी राहून हसत होती.

मार्चमध्ये त्याच रस्त्यावर केबलसाठी खोदकाम झालं. खड्ड्याला कठडा नाही, दोरी नाही. उलट कुणीतरी वर फळकुटं टाकून पोतं अंथरलं होतं. काठीला ते जमिनीसारखंच लागलं. रागिणीची हाक आणि गीतांजलीचं पाऊल एकाच वेळी पडलं.

डावं मनगट मोडलं. गर्दी जमली, आणि जमलेला प्रत्येक माणूस रागिणीवर तुटून पडला.

"आंधळ्या पोरीले असं मोकळं सोडते का कोनी?"

"पगार कायचा घेता, मॅडम?"

एकानं मोबाईलवर सगळं टिपलं. खड्ड्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी राऊत सरांचा फोन आला, चौकशी होईपर्यंत शाळेत यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन आणि त्यांची बायको जाईबाई दवाखान्यात आले. देवमन वॉर्डाच्या दारातूनच ओरडले.

"तुमच्या भरोशावर देली व्हती पोरगी! सोबत हाव म्हनलं व्हतं न तुमी? ह्या सोबतीले काय चाटू?"

रागिणी खाली मान घालून ऐकत राहिली. रात्रभर तिला झोप नव्हती. "चुकलं माझं," ती म्हणाली. "आता नाही नेणार. अकोल्याचंही पुढच्या वर्षी पाहू."

"काहून?"

गीतांजली खाटेवर उठून बसली होती. गळ्यात झोळी, त्यात हात, आणि चेहरा लालबुंद.

"काहून पुढच्या वर्षी? पाय शाबूत हायेत माहे. बाबा, दादा गाडीवरून पडला तवा त्याची तंगडी मोडली व्हती. तुमी गाडी काढून घेतली का त्याची? पलस्तर निंघाच्या आधी गाडी दुरुस्त करून आनली! आन मी एकडाव पडली तर जलमभर घरात?"

"तुह्यं वेगळं हाय, बाई," जाईबाई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"काय वेगळं? खड्ड्यावर पोतं कोनं टाकलं? त्याले एक तरी शब्द बोललं का कोनी? सारे मॅडमले बोलून राहिले, आन मॅडम..." तिनं रागिणीच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "तुमीबी? इतकं चालवलं मले, आन आता तुमीच परत रांगेत उभी करून राहिल्या?"

 रागिणीला वाटलं, कालपासून इतक्या लोकांनी बोल लावले, पण लागला तो हाच.

देवमन दाराकडे वळले. "कुठी हाय थो खड्डा? दाखवा मले."

खड्डा तसाच होता. पोतं कुणीतरी पुन्हा नीट अंथरून ठेवलं होतं. कंत्राटदाराचा माणूस बाजूच्या टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता.

"भाऊ, ह्याले कठडा काहून नाही?" देवमननं विचारलं.

"लोकाइले दिसते न."

"माह्या पोरीले दिसत नाही. काल पडली थे."

"मंग आंधळ्या मानसानं घरी रहाव न, काका."

 घरी राहा, हेच तर तासाभरापूर्वी देवमनच्याही मनात होतं, फक्त मायेपोटी. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी पोतं ओढून फेकलं, फळकुटं उचलून आपटली आणि रस्त्याच्या मधोमध मांडी ठोकून बसले.

"आता इथं कठडा लागल्याबिगर मी उठत नाही! घाला गाड्या अंगावरून!"

हॉर्न वाजू लागले, शिव्या सुरू झाल्या. रागिणीनं पर्स काखेत घट्ट धरली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. ट्रॅफिक पोलीस आला, त्यालाही देवमननं तेच ऐकवलं. दुपारपर्यंत पत्र्याचे कठडे आले. ते लावणाऱ्या पोरांवरही देवमन खेकसत होते, "अजून जवळ! काठी लागली पाहिजे!"

शाळेत मात्र काही बदललं नाही. चौकशी रेंगाळत राहिली. उन्हाळ्यात रागिणीला परत घेतलं ते एका अटीवर, मुलांना फाटकाबाहेर न्यायचं नाही. ती अट ऐकून तिनं नोकरी सोडली. राऊत सर म्हणाले, "इतका राग बरा नाही, मॅडम." ती म्हणाली, "तुम्हाला येत नाही याचंच मला नवल वाटतं." पुढच्या आठवड्यात एका मुलाचे आईवडील तिच्या घरी आले आणि आमच्या पोरालाही शिकवा म्हणाले. तिनं अंगणातच सुरुवात केली.

जूनमध्ये गीतांजली अकोल्याला गेली. वसतिगृहाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, सोबत कुणी असल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. गीतांजली कॉलेजच्या प्राचार्यांकडे जाऊन भांडली, नियम बाकीच्या मुलींना आहे का म्हणून. नियम मागं घ्यावा लागला.

त्या संध्याकाळी तिचा रागिणीला फोन आला. मागं रस्त्याचा गलबला ऐकू येत होता.

"मॅडम, इथले ऑटोवाले एकदम बेकार हायेत. फुटपाथवर गाड्या लावते! एकाच्या गाडीले काठी लागली तर मलेच म्हनते, दिसत नाही का."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, नाही दिसत. तुले दिसते न? मंग हटव गाडी!"

"हटवली?"

"हटवून राहिला. थांबा जराशा, मी इथंच उभी हाय."